कोणी ओरडलं तर

ऑफिसात तिला सगळे आवरताई म्हणत. नवीन सॉफ्टवेअर बसवणारी मंडळी वेगळी; ती गाजावाजा करत यायची, बटण दाबून टाळ्या घ्यायची आणि पुढच्या कामाला निघून जायची. त्यांचा पसारा आवरायला ही मागे राहायची, म्हणून आवरताई. हे नाव कोणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते तिला इतकं चिकटलं होतं की साहेबसुद्धा फोनवर "जरा आवरताईंना द्या" असंच म्हणत.

हा पसारा डोळ्यांना दिसणारा नव्हता, हीच त्यातली गंमत. मोठं सॉफ्टवेअर एखाद्या ठिकाणी नांदायला लागेपर्यंत त्याच्या दिमतीला काही छोटे प्रोग्रॅम ठेवावे लागतात. तात्पुरते मदतनीस म्हणा ना. एक जुनी माहिती उचलून नव्या घरात नेऊन ठेवतो, दुसरा जुन्याचं बोलणं नव्याला समजावून सांगतो, तिसरा सगळे जागच्या जागी आहेत की नाही ते बघत हिंडतो. मोठ्याचं बस्तान बसलं की यांचं काम संपलं. पण त्यांना कोणी जा म्हणत नाही आणि ते आपणहून हलत नाहीत. मग वर्षानुवर्षं कोपऱ्यात जागा अडवून बसतात आणि एखाद्या दिवशी नको तिथे नाक खुपसून घोळ घालतात. म्हणून त्यांना वेळीच निरोप द्यायचा असतो. हे मदतनीस लिहायची आवरताई आणि पुसायचीही आवरताईच, कारण ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं असा ऑफिसचा दंडक होता.

पुसण्याचीही एक रीत होती. एकदम पुसायचं नाही. आधी मदतनिसाला नुसतं गप्प बसवायचं, एक दिवस जाऊ द्यायचा आणि कोणी ओरडतंय का म्हणून कान टवकारून बसायचं. कुठेतरी कोणीतरी त्या बिचाऱ्याच्या जिवावर चालत असेल, तर तो ओरडल्याशिवाय राहणार नाही असा त्यामागचा हिशेब. कोणी ओरडलं तर मदतनीस ताबडतोब परत सुरू करायचा. का आणि कशाला ते नंतर. कोणी ओरडलं नाही तर खुशाल पुसून टाकायचा. ही रीत आवरताईच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती घरीही तशीच वागायची. जुनी खुर्ची आधी जिन्याखाली ठेवून बघायची, कोणी काही बोललं नाही की खुर्ची भंगारात जायची.

या वेळचं काम शहराच्या पाणीपुरवठा केंद्रावर होतं. तिला बसायला मिळालेली खोली पंपांच्या बरोबर वर होती. जमीन सारखी बारीक थरथरायची आणि चहाच्या कपात गोल गोल लाटा उठायच्या. खिडकीखाली पाण्याचा भला मोठा हौद होता. उन्हं वर आली की हौदातलं ऊन छतावर येऊन डुलत बसायचं आणि खालून पंपांची घूं घूं. अशा खोलीत जागं राहणं हेच मुळात निम्मं काम होतं. पाण्याच्या तळाशी टेबल टाकून बसल्यासारखं तिला वाटे, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडेही.

सोबतीला पंपवाले काका. जन्म पंपांशेजारी गेल्यामुळे त्यांना सवयीनं ओरडूनच बोलता येई. "चहा घेणार का?" हे ते अशा आवाजात विचारत की अनोळखी माणसानं घाबरून हात वर करावेत.

हमाल आणि दुभाष्या या दोन मदतनिसांना तिनं आधीच निरोप दिला होता. जुन्या मोजण्या वाहून आणायचा तो हमाल, जुन्या मीटरची भाषा नव्याला सांगायचा तो दुभाष्या. नावं तिनंच ठेवलेली. दोघांना गप्प बसवलं, दिवस गेला, कुणाचं काही अडलं नाही, दोघे गेले. आता राहिला होता टकट्या.

टकट्याचं काम सगळ्यांत साधं. शहरातल्या प्रत्येक टाकीवर एक छोटी डबी बसवली होती. टकट्या आळीपाळीनं एकेकीला विचारायचा, "आहेस का?" की ती डबी टक टक वाजायची आणि उत्तर धाडायची, "आहे." बस, एवढंच. डबीच्या पोटाखाली एक खटका होता. तो डावीकडे असला की डबी आपलं आपण उत्तर द्यायची. उजवीकडे असला की वरचं बटण कोणीतरी बोटानं दाबेपर्यंत ती थांबायची, म्हणजे टाकीवरचा माणूस जागेवर आहे की नाही तेही कळावं. आता नवं सॉफ्टवेअर टाक्यांची विचारपूस स्वतःच करू लागलं होतं, तेव्हा टकट्या नुसता उपरा झाला होता.

टाक्यांवर डब्या बसवायच्या आधी त्यांतली एक आवरताईनं आपल्या घरी नेऊन लावली होती, लांबून उत्तर नीट येतं का ते बघायला. बाबांच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर जागा होती, तिथे ठेवली.

"बाबा, ही माझ्या कामाची डबी. मी ऑफिसात असेन तेव्हा मधूनमधून वाजेल. हात लावू नका हं."

"बरं," बाबा म्हणाले.

घरची डबी जरा आळशी निघाली. बाकीच्या डब्या डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर द्यायच्या, ही रेंगाळायची. जेवणानंतर तर बराच वेळ तिचा पत्ताच नसायचा. आवरताईनं ते खापर घरच्या इंटरनेटवर फोडलं आणि विसरून गेली.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते शिंपी होते. सगळं आयुष्य मान खाली घालून लोकांचे कपडे शिवण्यात गेलं. गिऱ्हाइकानं बाही तोकडी झाली म्हटलं की, माप त्यानंच आखडून दिलेलं असलं तरी, हे मुकाट्यानं शिवण उसवायला घेत. घरात जो काही आवाज होता तो आईचा होता, आणि ती गेल्यावर घराला एकदम कापूस गुंडाळल्यासारखं झालं. पुढे बाबांच्या डोळ्यांनीही दगा दिला. आता त्यांना उजेड आणि सावली तेवढी कळत असे. बाकी सगळं बोटांवर. कुरकुर नाही, मागणं नाही. चहा गार झाला तरी गारच पीत, आणि कोणी विचारलं तर म्हणत, "असू दे, छान आहे."

लांबच्या एका शहरात आवरताईला वर्षभराचं काम मिळालं होतं. मोठं काम, मानाचं. बाबांना तेवढे दिवस धाकट्या भावाकडे ठेवायचं ठरत होतं. धाकटा गुणी होता, वहिनी प्रेमळ होती, घर ऐसपैस होतं. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. आणि तिनं बाबांना विचारलंही होतं, अगदी समोर बसून. "चालेल ना बाबा?" बाबा म्हणाले, "तुम्हां पोरांना सोयीचं असेल ते करा." मग तिनं काही दिवस जाऊ दिले. बाबांनी ब्र काढला नाही. तेव्हा तिनं धाकट्याला कळवून टाकलं. तो रविवारी गाडी घेऊन बाबांना न्यायला येणार होता.

त्याच आठवड्यात एका सकाळी तिनं टकट्याला गप्प बसवलं.

दिवस कसा गेला कळलं नाही. छतावर ऊन डुलत राहिलं, पंप घुमत राहिले, टाक्या भरल्या आणि रिकाम्या झाल्या. कुठूनही तक्रार नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते, चपला घालून.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. असाच." त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला, मग कोपराला, जसं सदरा बेतताना लावत तसं. "आज फार काम होतं का गं?"

"छे! आज उलट निवांत होतं, बाबा. दिवसभर नुसती बसून होते."

"असं होय," बाबा म्हणाले, आणि चपला काढून आत गेले. जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. आवरताईच्या ते नजरेतून सुटलं नाही. पण तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, आणि या घरात अशा गोष्टी इथेच थांबत असत.

दुसऱ्या दिवशी दुपारी टकट्याला पुसायची वेळ झाली. काकांनी ओरडून चहा दिला होता, तो पोटात गेला होता, आणि छतावरचं पाणी हळूहळू भिंतींवर उतरायला लागलं होतं. आवरताईनं डोळे मिटले नव्हते, निदान तिला तरी तसं वाटत नव्हतं. तिला दिसलं की खोलीतल्या बाकावर तिचे मदतनीस बसले आहेत. हमाल डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेऊन, दुभाष्या ओठांवर बोट ठेवून. मग आधीच्या कामांतले आले, त्याआधीचे आले. कितीतरी तर ती नावानिशी विसरून गेली होती. सगळे अंघोळ करून आल्यासारखे ओले आणि स्वच्छ. एकेक जण उठे, तिला नमस्कार करी आणि खिडकीतून हौदात उतरून पाण्यात मिसळून जाई. कुणाची तक्रार नव्हती. शेवटी टकट्या एकटाच राहिला. तो उठेना.

"चला," ती म्हणाली. "तुमचं काम झालं."

टकट्यानं मान हलवली. त्याचा कान बाकाच्या फळीला लागलेला होता. तो काहीतरी ऐकत होता आणि हातानं तिला थांब म्हणत होता. तीही वाकली आणि तिनंही कान लावला. खाली पंप घुमत होते आणि त्या घुमण्याच्याही खाली, फार खाली, काहीतरी वाजत होतं.

"झोपलीस का गं?" काका ओरडले आणि ती दचकून जागी झाली.

पुढ्यात संगणकाचा पडदा तसाच होता. टकट्याला पुसायचं तर आधी त्याची पेटी रिकामी आहे ना ते बघायचं असतं. डब्यांची उत्तरं जिथे येऊन पडायची ती ही पेटी. टकट्या कालपासून गप्प, कुणाला काही विचारलेलं नाही, म्हणजे उत्तर यायचा प्रश्न नाही. तिनं पेटी उघडली आणि पडदा भरून गेला.

आहे. आहे. आहे. आहे.

काल दुपारपासूनची उत्तरं होती ती. कधी एकामागे एक, कधी थांबून थांबून. सगळी एकाच, घरच्या डबीची.

"काय गं हे? कोण एवढं आहे आहे करतंय?" काका तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणाले.

"आमच्या घरची डबी, काका. बिघडलीय वाटतं. कोणी विचारत नसताना उत्तरं देत सुटलीय."

"मग टाक पुसून!"

तिनं बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. त्या डबीतला प्रोग्रॅमही तिनंच लिहिला होता. विचारल्याशिवाय ती आपलं आपण बोलूच शकत नव्हती. बोलेल कशी? बोलायचं तर एकच वाट होती. खटका उजवीकडे राहून गेलेला असायला हवा आणि कोणीतरी बटण दाबत असायला हवं.

खटका तिनं डावीकडे करायला हवा होता. तो केल्याचं आठवेना, कितीही ताण दिला तरी आठवेना. आणि मग ते रेंगाळणं आठवलं. दूर खुर्चीत बसलेला माणूस उठून, भिंत चाचपत खिडकीपर्यंत यायला जेवढा वेळ लागेल तेवढं ते रेंगाळणं. जेवणानंतर डबीचा पत्ता नसायचा, कारण जेवणानंतर बाबांचा डोळा लागायचा. आळशी डबी! इतके दिवस ती ज्याला डबीचा आळस समजत होती ते तिच्या म्हाताऱ्या बापाचं चालणं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्याही आधी कसलीशी माया दाटून आली.

तिनं टकट्याला उठवलं नाही. त्याचं काम स्वतःच्या हातानं केलं. एकच प्रश्न टाईप केला आणि घरी धाडला. आहेस का?

डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. आहे. आळशी डबीनं पहिल्यांदाच एवढी घाई केली होती. म्हणजे ती खिडकीच्या कट्ट्यावर नव्हतीच. ती मांडीवर होती आणि बटणावर अंगठा होता.

"अगं, रडतेस काय?" काका घाबरून आणखीच ओरडले. "झालं काय?"

"कोणीतरी ओरडलं, काका."

"मला तर काही ऐकू नाही आलं."

"मलाही नाही आलं ना," ती म्हणाली. मग रीतीप्रमाणे टकट्याला परत सुरू केलं, पिशवी उचलली आणि भर दुपारी घरी निघाली.

रस्त्यावर ऊन होतं, तरी तिला अजून पाण्याखालून चालल्यासारखंच वाटत होतं. दुकानांची दारं, सायकली, कुणाच्या तरी गॅलरीतले वाळत घातलेले कपडे, सगळं किंचित हलत होतं. डोळे भरलेले असल्यावर दुसरं काय होणार.

बाबा खुर्चीत बसले होते, डबी मांडीवर. तिची चाहूल लागताच त्यांनी ती चोरासारखी सदऱ्याखाली लपवली.

"राहू द्या बाबा. मला कळलंय."

"हात लावला गं मी," बाबा म्हणाले. "तू नको म्हणाली होतीस, पण पहिल्याच दिवशी ती वाजली आणि गप्पच होईना. म्हटलं बघावं. वर बटण लागलं. बटणाला मी काय घाबरतोय! दाबलं आणि शहाण्यासारखी गप्प झाली. मग दिवसभर अधूनमधून वाजायची. म्हटलं, पोर कामात असून आठवण काढतेय, ठोठावतेय. आपणही ओ द्यावी." त्यांनी बटण चाचपलं. "काल वाजलीच नाही. वाटलं, माझ्याच हातून बिघडली. मग वाटलं तुलाच काही झालं की काय. म्हणून मीच दाबत बसलो."

"मग काल मी आले तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू निवांत होतीस म्हणालीस ना." बाबांनी डबी परत मांडीवर घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं, कापडाची किनार बघावी तसं. "म्हटलं, निवांत असून ठोठावलं नाही म्हणजे मुद्दामच. सवय लावतेय मला."

"कसली सवय?"

"रविवारनंतरची."

आवरताई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. खरं सांगायला हवं होतं आणि ते सांगणं जिवावर आलं होतं. "बाबा, ते मी नव्हते ठोठावत. एक प्रोग्रॅम होता. तो आपोआप विचारायचा, सगळ्या डब्यांना. टाक्यांनासुद्धा."

बाबांनी डबीवरून अंगठा फिरवला. "लिहिला कोणी तो?"

"मीच."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "मी शिवलेला सदरा लोक माझ्या मागे घालतातच ना. तो काय आपोआप झालाय?"

आणि नेमकी तेव्हाच डबी वाजली. टक टक. ती तिथेच बसली होती, दोन्ही हात बाबांच्या गुडघ्यांवर. तरी बाबांचा अंगठा सवयीनं बटणावर गेला आणि त्यांनी ओ दिली. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. तीही हसली. हसता हसता तिनं विचारलं, "बाबा, धाकट्याकडे जायचंय तुम्हाला?"

"तुम्हां पोरांना सोयीचं असेल ते..."

"ते नाही विचारलं मी."

बाबा मूग गिळून बसले. रोजची आवरताई असती तर एवढ्यावर समजून घेऊन उठली असती. आज ती उठली नाही. खिडकीतला उजेड बाबांच्या पायावरून सरकत तिच्या हातांवर आला, तरी ती कान लावून बसून राहिली, टकट्या बसला होता तशी.

"आमच्या कामात एक रीत आहे," शेवटी ती म्हणाली. "कोणी ओरडलं तर काही विचारायचं नाही, जे बंद केलं ते परत सुरू करायचं. पण ओरडावं लागतं, बाबा. मनातल्या मनात नाही चालत. एकदा ओरडा ना."

"अगं, शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत."

बाबांनी डबी घट्ट धरली. ओठ हलले, नुसते हलले. गळ्याची शीर फुगली. सगळ्या आयुष्यात ज्यानं एकाही गिऱ्हाइकावर आवाज चढवला नव्हता त्या माणसाला ओरडायचं कुठून हेच सापडत नव्हतं. मग एकदम ते सापडलं.

"नाही जायचं मला!"

आवाज चिरका होता, फाटका होता, पण घरभर गेला. कट्ट्यावरचं कबुतर फडफडून उडालं. समोरची खिडकी उघडली. बाबा स्वतःच्या आवाजानं दचकले आणि लगेच खाली मान घालून पुटपुटले, "पण मग तुझं ते लांबचं काम... त्याचं काय करणार? धाकट्याला काय सांगशील? का नाही म्हणून विचारील तो..."

"बरं, ते नंतर," आवरताई म्हणाली, आणि तिनं धाकट्याला फोन लावला.